एका कॅमशाफ्टची निवड

जुन्या वस्तूचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न येऊन उभा राहतो: ही वस्तू दुरुस्त करताना ती होती तशी ठेवावी, की होती त्याहून सरस करावी? आजोबांचा वाडा असो, आजीची पैठणी असो किंवा घरात चालत आलेला तंबोरा असो, प्रश्न तोच असतो आणि त्यावरून होणारे मतभेदही तेच असतात. आमच्या घरी हा प्रश्न मोटारीच्या इंजिनातील एका लोखंडी दांड्यावरून उपस्थित झाला. त्या दांड्यास कॅमशाफ्ट म्हणतात. मोटारींशी ज्यांचा संबंध केवळ बसण्यापुरता आहे अशा वाचकांनाही त्या दांड्याची हकिगत रोचक वाटेल, असे समजून ती येथे सांगत आहे.

मोटार आहे १९५८ सालची एमजीए. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात या जातीच्या लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. दोन माणसांपुरती, बसक्या बांध्याची आणि छप्पर उतरवून ठेवता येणारी ही गाडी माझ्या थोरल्या बंधूंनी १९७४ साली दिल्ली सोडून निघालेल्या एका परदेशी गृहस्थाकडून घेतली. बंधूंना तिचा अभिमान होता. परंतु ती रोज चालविली ती वहिनींनी. त्या शाळेत शिक्षिका होत्या. करोलबागेतील घरापासून शाळेपर्यंत आणि सुटीच्या दिवशी कुतुबमिनारापर्यंत त्या स्वतः गाडी नेत. साडी नेसलेल्या बाईने उघडी स्पोर्ट्‌स मोटार चालवावी, हे दृश्य त्या काळच्या दिल्लीतही पाहणाऱ्याची मान वळविणारे होते.

बंधू गेल्यावर गाडी नोएडातील घराच्या आवारात कापडाखाली उभी राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना, आणि २०१५ साली दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना, दिल्ली व भोवतालच्या राजधानी क्षेत्रात रस्त्यावर येण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो निर्णय उचलून धरला. हिवाळ्यातील दिल्लीची हवा ज्याने श्वासात घेतली आहे, त्याला त्या निर्णयामागची कळकळ पटावी अशीच आहे. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या येण्याजाण्यास वापरावयाची नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. यातील एक अट आमच्या हकिगतीत महत्त्वाची ठरली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. तिच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असता कामा नये.

हे नियम आल्यावर माझ्या पुतण्याने इंजिन नव्याने बांधण्याचे मनावर घेतले. तो संगणकाच्या व्यवसायात आहे, हौशी आहे आणि खर्च करण्याची त्याची ऐपत आहे. दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या नावाने भरत आली आहे, आणि बंधू तीत कित्येक वर्षे भाग घेत. त्या फेरीत वडिलांची गाडी पुन्हा न्यावी, ही त्याची इच्छा होती. दुसरीही एक इच्छा होती, आणि ती त्याने मला एकांतात सांगितली. ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही शर्यतीची पाच किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची वाट आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्या वाटेवर एकदा तरी ही गाडी पूर्ण वेगाने सोडावी, असे त्याच्या मनात होते. “काका, इंजिन उघडणारच आहोत, तर कॅमशाफ्ट शर्यतीचाच घालू,” असे तो म्हणाला.

येथे कॅमशाफ्टचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यास दोन दारे असतात. एका दारातून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. ही दारे म्हणजे झडपा. त्या केव्हा उघडावयाच्या, किती उघडावयाच्या आणि किती वेळ उघड्या ठेवावयाच्या, हे कॅमशाफ्टवरील अंड्याच्या आकाराचे उंचवटे ठरवितात. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. मिनिटास पाच हजार फेरे या गतीला प्रत्येक झडप सेकंदास एक्केचाळीस-बेचाळीस वेळा उघडते. एमजीएच्या मूळ कॅमशाफ्टवर आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी सोळा अंश उघडते आणि तो खालच्या टोकास पोहोचल्यानंतर छप्पन्न अंशांनी मिटते. म्हणजे मधले एकशेऐंशी धरून ती एकूण दोनशे बावन्न अंश उघडी असते. पाच हजारांच्या गतीला हा सारा अवधी सेकंदाच्या सुमारे एकशेविसाव्या भागाएवढा भरतो. तेवढ्या वेळात नळकांडे भरावयाचे असते.

दट्ट्या खाली जाऊन परत वर येऊ लागला तरी झडप उघडी का ठेवतात, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे कारण असे की, वायूलाही वजन असते. एकदा वेगाने आत येऊ लागलेला वायूचा लोंढा दट्ट्या थांबला म्हणून लगेच थांबत नाही. तो आपल्या जोराने आणखी थोडा आत शिरतो. इंजिन जितके जलद फिरेल तितका हा जोर अधिक, आणि झडप तितकी उशिरा मिटलेली लाभाची. शर्यतीच्या कॅमशाफ्टचे सारे रहस्य एवढेच आहे. त्यावरील उंचवटे रुंद असतात. झडप तीनशे अंश किंवा त्याहूनही अधिक काळ उघडी राहते आणि इंजिन सहा-सात हजारांच्या गतीला जोमाने ओढू लागते.

परंतु हाच दांडा इंजिन सावकाश फिरत असता विपरीत फळ देतो. लोंढ्यात जोर नसल्यामुळे उशिरापर्यंत उघड्या राहिलेल्या झडपेतून आत आलेले मिश्रण दट्ट्या परत बाहेर ढकलतो. शिवाय बाहेरची झडप मिटण्यापूर्वी आतली उघडते, तेव्हा काही क्षण दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असतात. मूळ एमजीएत हा काळ सदतीस अंशांचा आहे. शर्यतीच्या दांड्यात तो त्याच्या दुप्पट-अडीचपट होतो. समोरासमोरची दारे उघडी असली की वारा सुटलेला असताना घर गार होते, आणि वारा पडला की स्वयंपाकघरातील धूर माजघरात येतो, तसाच हा प्रकार. मंद गतीला जळालेला वायू उलट आत शिरतो, इंजिन अडखळते, उभ्या गाडीत ते बंद पडू नये म्हणून गती वाढवून ठेवावी लागते. म्हणजे कॅमशाफ्ट शक्ती नव्याने निर्माण करीत नाही. तो ती एका गतीवरून काढून दुसऱ्या गतीवर नेऊन ठेवतो. जाहिरातीत मिळालेल्या शक्तीचा आकडा ठळक असतो. दिलेल्या शक्तीचा आकडा वाचकाने स्वतः शोधावयाचा असतो.

हे सारे पुतण्यास ठाऊक होते. त्याने तीन प्रकार निवडून ठेवले होते: मूळ मापाचा, दोनशे सत्तर अंशांच्या आसपासचा ‘जलद रस्त्याचा’ म्हणून विकला जाणारा, आणि तीनशे अंशांचा शर्यतीचा. त्याचे मन तिसऱ्यावर होते आणि बुद्धी दुसऱ्यावर. पहिल्याचा तो विचारच करीत नव्हता. “मूळ दांड्याने गाडी कशी चालते ते आपण आयुष्यभर पाहिले आहे, काका,” असे तो म्हणे. “टॅक्सीसारखी चालते.”

टॅक्सीची ही उपमा किती तंतोतंत होती, ते इंजिन उघडल्यावर कळावयाचे होते.

इंजिन बांधण्याचे काम आम्ही एका वृद्ध उस्तादांकडे दिले. त्यांची कारकीर्द अँबॅसडर गाड्यांच्या दुरुस्तीत गेली होती, आणि त्यांस निवडण्याचे कारणही तेच होते. अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत ती तयार होत असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे तिच्यात जे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसविले जाई, तेच मूळ रचनेत पहिल्या एमजीएचे इंजिन होय. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ही ‘बी’ मालिका. सरकारी अधिकाऱ्यांना कचेरीत नेणारी पांढरी गाडी, काळी-पिवळी टॅक्सी आणि ही लाल स्पोर्ट्‌स मोटार या एका घरातील भावंडेच म्हणावयाची. फरक आहे तो माथ्याचा, दोन कार्ब्युरेटरांचा, दाबाच्या प्रमाणाचा आणि कॅमशाफ्टचा. एवढ्या फरकाने अँबॅसडरची पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती एमजीएत बहात्तरपर्यंत गेली.

उस्तादांनी माथा उतरविण्यापूर्वी मापे घेण्याचा आग्रह धरला. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकास त्यांनी अंशांच्या खुणा असलेली एक मोठी गोल चकती बसविली. पुशरॉडच्या डोक्यावर घड्याळासारखे तबकडीचे माप टेकविले. आणि पाना घालून इंजिन हाताने, तसूतसूने फिरवीत प्रत्येक झडप कोणत्या अंशास हलू लागते व कोणत्या अंशास थांबते ते पुतण्याकडून वहीत लिहून घेतले. दुपारभर हे चालले होते. बेरीज केली तेव्हा दोनशे बावन्न येण्याऐवजी दोनशे तीसच्या आसपास आली. उंचवटे झिजले असतील, असे पुतण्या म्हणाला. उस्तादांनी मान हलविली. झीज झाली होती, पण बावीस अंशांचा फरक सर्व आठ उंचवट्यांवर सारखा पडावा अशी झीज असत नाही.

दांडा बाहेर काढल्यावर उलगडा झाला. एमजीएच्या कॅमशाफ्टच्या मागच्या टोकास फेरे मोजणारे घड्याळ चालविण्यासाठी दाते असतात. या दांड्यास ते नव्हते. समोरच्या फळीवरील ते घड्याळ आमच्या आठवणीत सदैव शून्यावरच असे, आणि केबल तुटली असावी असे सर्वजण मानीत आले होते. उस्तादांनी दांडा कापडाने पुसून खिडकीशी धरला आणि म्हणाले, “साहब, ये तो अँबॅसडर का है.”

त्या संध्याकाळी पुतण्याने ही बातमी वहिनींस सांगितली, तेव्हा त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी कपाटातून खर्चाची जुनी वही काढली. १९८६ सालच्या उन्हाळ्यात इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीची नोंद तीत होती. परदेशी सुटे भाग मागविणे त्या काळी परवान्यांच्या खटाटोपामुळे दुरापास्त होते. दिल्लीतील एका गॅरेजने काम करून गाडी परत दिली आणि बिलात नुसते ‘कॅमशाफ्ट बदलला’ असे लिहिले. तो कोणाचा, हे लिहिले नव्हते. वहिनींनी तेव्हाच बंधूंना सांगितले होते की, गाडी पूर्वीसारखी चालत नाही. “पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबले की ती जागी होत असे,” असे त्यांचे शब्द होते. “आता ती जागीच होत नाही.” बंधूंनी तसे गॅरेजवाल्यांस विचारले. इंजिन नवे आहे, थोडे फिरले की मोकळे होईल, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी असेही म्हटले की बाईसाहेबांना तसा भास होत असेल. वहिनींनी तो विषय पुन्हा काढला नाही. परंतु त्यानंतर गाडी चालविण्याची त्यांची हौस हळूहळू कमी होत गेली, आणि दोन-तीन वर्षांनी त्या शाळेत बसने जाऊ लागल्या. घरातील मंडळींनी याचे कारण वय, वाहतूक, संसाराचा व्याप असे काहीतरी धरले होते.

मी त्या वर्षांत नागपुरास नोकरीवर असल्याने यातले काही मला ठाऊक नव्हते. आता चाळीस वर्षांनी तबकडीच्या मापाने जे सांगितले, ते वहिनींच्या पायाला आणि कानाला पहिल्याच आठवड्यात कळले होते. यंत्र चालविणाऱ्या माणसाचे ज्ञान आणि यंत्र उघडणाऱ्या माणसाचे ज्ञान ही निराळी असली तरी दोन्ही ज्ञानेच होत. रोज चालविणारी व्यक्ती स्त्री असली की पहिल्या प्रकारच्या ज्ञानास भास म्हणण्याची रीत फार जुनी आहे.

या शोधानंतर निवडीचा प्रश्न अगदी निराळ्या रूपात समोर आला. पुतण्या ज्याला मूळ दांडा म्हणून नाकारीत होता, तो मूळ दांडा त्याने कधी अनुभवलाच नव्हता. त्याचा जन्म १९८७ सालचा. तथापि शर्यतीची वाट त्याच्या मनातून गेली नव्हती, आणि आता दांडा नवा आणावयाचाच होता. जुना घासून नव्या आकाराचा करून घेण्याचाही एक मार्ग असतो, परंतु घासण्यात पृष्ठभागावरचा कठीण थर निघून जाण्याचा धोका असतो, आणि नसलेले दाते काही घासण्याने येत नाहीत. म्हणून मी त्यास एक हिशेब मांडावयास सांगितले: गाडी वर्षातून किती वेळ कोणत्या गतीला चालेल?

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. एमजीए शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाच्या हजार फेऱ्यांमागे ताशी सतरा मैल, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर जाते. ताशी साठ किलोमीटरला इंजिन बावीसशेच्या आसपास फिरते, ऐंशीला तीन हजारांच्या जरा खाली, आणि शंभरला छत्तीस-सदतीसशे. नोएडाहून जुन्या मोटारींच्या फेरीस जाणे, कॅनॉट प्लेसभोवती रांगेतून सावकाश सरकणे, एखादे वेळी गुरुग्रामपलीकडे तावडू येथील वाहनांच्या संग्रहालयापर्यंत जाऊन येणे, हे सारे दोन ते साडेतीन हजारांच्या आत बसते. शर्यतीचा दांडा चार हजारांच्या पुढे जागा होतो. म्हणजे वर्षाच्या शंभर तासांपैकी नव्व्याण्णव तास तो इंजिनाला अडखळत ठेवणार, आणि ज्या एका तासासाठी तो आणावयाचा, त्या तासाला तीन बेअरिंगांवर फिरणारा जुना क्रँकशाफ्ट सात हजारांची गती सोसेल अशी हमी कोणीही दिली नसती.

‘बी’ मालिकेच्या इंजिनाचा आणखी एक स्वभाव आहे. त्याच्या माथ्यात चार नळकांड्यांस मिश्रण नेणाऱ्या वाटा दोनच आहेत. पहिले व दुसरे नळकांडे मिळून एक, तिसरे व चौथे मिळून दुसरी. स्फोटांचा क्रम एक-तीन-चार-दोन असल्यामुळे एका वाटेवरची दोन्ही नळकांडी लागोपाठ श्वास घेतात आणि मग बराच काळ ती वाट स्तब्ध राहते. झडपा जितक्या अधिक काळ उघड्या, तितकी एकाची पाळी संपण्यापूर्वी दुसऱ्याची सुरू होते आणि एकाच्या ताटातले दुसऱ्याकडे जाते. म्हणून स्वतंत्र वाटा असलेल्या इंजिनात जो रुंद दांडा शोभतो, तो येथे तेवढा शोभत नाही.

त्यात दिल्लीची हवा. मे-जून महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. लाल दिव्यापाशी उभ्या राहिलेल्या गाडीत पंखा इंजिनाच्याच गतीने फिरतो, वारा मिळत नाही आणि पाणी तापते. तशात हजार-बाराशेच्या गतीला धुसफुसत उभे राहणारे इंजिन म्हणजे आश्रम चौकात स्वतःची शोभा करून घेणे होय. रुंद दांड्याने मंद गतीला नळकांड्यातील दाब उतरतो. तो भरून काढण्यासाठी माथा तासून दाबाचे प्रमाण वाढवितात. आणि मग उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोके देऊ लागते. एका बदलामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. कडक स्प्रिंगा घालाव्यात तर त्यांचा भार पुन्हा कॅमच्या उंचवट्यांवर पडतो.

दोनशे सत्तर अंशांच्या मधल्या दांड्याविषयी मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, तो वाईट नव्हता. जो मनुष्य मोकळ्या महामार्गावर दूरच्या प्रवासास निघतो त्याने तो अवश्य घ्यावा. आमच्या बाबतीत दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध गेल्या. पहिली नियमाची. दांडा इंजिनाच्या पोटात असतो, तो कोणास दिसत नाही, हे खरे. परंतु ‘मूळ स्वरूपात राखली आहे’ या शब्दांखाली वहिनींना सही करावयाची होती, आणि चाळीस वर्षे दुसऱ्याच गाडीचा दांडा घेऊन फिरलेल्या गाडीविषयी ते शब्द आता तरी खरे असावेत, असा त्यांचा हट्ट होता. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच बोलून दाखविली. “ती गाडी मला एकदा जागी झालेली पाहावयाची आहे,” त्या मला म्हणाल्या. “भाऊजी, दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने नव्हे. जशी होत असे, तशी.”

पुतण्याने दुसऱ्या दिवशी इंग्लंडहून मूळ मापाचा, मागे दाते असलेला दांडा मागविला.

बसविण्याच्या वेळी उस्तादांची शिस्त पाहण्यासारखी होती. कॅमशाफ्टवर टेकून वरखाली होणारे आठही टॅपेट त्यांनी नवे घातले. जुने टॅपेट जुन्या उंचवट्यांशी एकरूप झालेले असतात. ते नव्या दांड्याखाली ठेवल्यास तो दांडा थोड्याच दिवसांत खाल्ला जातो. प्रत्येक उंचवट्यास त्यांनी काळे घट्ट वंगण बोटाने चोळले. साखळी चढविल्यावर पुन्हा ती चकती आणि पुन्हा ते तबकडीचे माप. पहिल्या नळकांड्याची आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकावरून निघाल्यापासून एकशेदहाव्या अंशास सर्वाधिक उघडली पाहिजे, हा या दांड्याचा हिशेब. पहिल्या वेळी एकशेचौदा आले. साखळी आणि चक्रे यांच्या बारीक तफावतीमुळे असे होते. किंचित वाकडी किल्ली घालून उस्तादांनी ते एकशेदहावर आणले. चांगला दांडा चार अंश चुकीचा बसवून लोक दांड्यास दोष देतात, असे ते म्हणाले.

तेलाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा सपाट टॅपेटांच्या इंजिनास तेलात जस्त व फॉस्फरस यांचे संयुग पुरेसे असावे लागते; उंचवटा आणि टॅपेट यांच्या घर्षणात तेच कवचाचे काम करते. अलीकडच्या गाड्यांच्या धुराड्यातील शुद्धीकरणाच्या यंत्रणेस ते बाधते, म्हणून आजच्या तेलांत त्याचे प्रमाण कमी केलेले असते. जुन्या गाडीस महागडे आधुनिक तेल घालणारा मनुष्य म्हणूनच कधीकधी तिचे नुकसान करून बसतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबरास ते मानवत नाही. त्यामुळे कार्ब्युरेटरांतील व नळ्यांतील रबरी भागही बदलून घेतले.

नवा कॅमशाफ्ट बसविलेले इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर मंद फिरू द्यावयाचे नसते. उंचवट्यांवर तेल पडते ते मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टने उडविलेले. गती कमी तर तेलही कमी. म्हणून सुरू होताच ते दोन हजारांच्या वर नेऊन वीस मिनिटे तेथेच ठेवतात. ती वीस मिनिटे आम्ही चौघे शेडमध्ये उभे होतो. पहिल्या मिनिटातच पुतण्याने फळीकडे बोट दाखविले. फेऱ्यांच्या घड्याळाचा काटा शून्यावरून उठून दोन हजारांच्या पुढे थरथरत होता. पुतण्याने आयुष्यात तो काटा प्रथमच हललेला पाहिला.

नोंदणीचे सोपस्कार पुरे झाल्यावर जानेवारीतील एका रविवारी सकाळी गाडी पेट्रोल भरून आणण्यासाठी बाहेर काढली. सुकाणूवर वहिनी होत्या. वय वर्षे त्र्याहत्तर, परवाना चालू. शेजारी पुतण्या. मी आणि उस्ताद मागून दुसऱ्या गाडीत. रस्ता मोकळा लागताच तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा आवाज बदललेला आम्हांस मागेही ऐकू आला. वेग फार नव्हता, ताशी पन्नास-साठ असेल; परंतु तीन हजारांच्या वर जाताना तिने जी उचल खाल्ली ती कोणाच्याही ध्यानात यावी अशी होती. पेट्रोल पंपावर पुतण्या उतरून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “काका, आई बरोबर सांगत होती.” मी त्यास म्हटले, हे मला सांगण्याऐवजी आईला सांग. त्याने ते सांगितले. वहिनींनी मान डोलावली आणि टायरांतील हवा पाहावयास सांगितली.

शर्यतीच्या वाटेचे त्याचे स्वप्न अजून शिल्लक आहे. तरुण माणसाची स्वप्ने एका दांड्याने संपू नयेत. परंतु आता तो दुसऱ्या एखाद्या इंजिनाचा विचार करतो, जे प्रारंभापासून त्या कामासाठीच बांधावे. जो कोणी अशा निवडीच्या उंबरठ्यावर असेल त्यास आमच्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. दांडा निवडण्यापूर्वी गाडी खरोखर कोठे आणि कोणत्या गतीला चालणार आहे, ते कागदावर मांडावे. आणि नवे काय घालावयाचे हे ठरविण्यापूर्वी आत आज काय आहे ते मोजून पाहावे. तसेच ती गाडी ज्यांनी चालविली त्यांना विचारावे.

काढलेला अँबॅसडरचा दांडा उस्तादांनी मागून घेतला. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या जुन्या अँबॅसडरसाठी तसाच दांडा बरेच दिवस शोधीत होते. झिजलेले दोन उंचवटे भरून घेऊन तो त्या गाडीत बसविण्यात आला, आणि तेथे तो उत्तम काम देत आहे, असे कळते.